जात्यावरची ओवी आणि स्लाव्हांचा वाद्यवृंद

मुंबईस नरीमन पॉइंटच्या टोंकाशीं होणारा पाश्चात्य वाद्यवृंदाचा जलसा आणि पुणें-लोणावळें लोहमार्गावरील घोरावाडीचें लहानसें स्टेशन, या दोहोंचा एकमेकांशीं संबंध तो काय, असें कोणीही विचारील. घोरावाडी म्हणजे तळेगांव आणि बेगडेवाडी यांच्या मधलें लोकलचें ठाणें. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर. त्यावरील लेण्यांत तुकोबाराय एकांतासाठीं बसत, असें परंपरा सांगते. थोड्याच अंतरावरून इंद्रायणी देहू-आळंदीकडे वाहत जाते. अशा मुलखांत संगीत म्हटलें म्हणजे टाळ, मृदंग आणि वीणा. शिकल्यासवरल्या घरांत त्यांच्या जोडीला ख्याल, नाट्यपद व भावगीत. तेथें पियानो आणि साठ-सत्तर वादकांचा ताफा यांचें काय काम? तरी आमचें म्हणणें असें कीं, संबंध आहे आणि तो चांगला जवळचा आहे. तो दाखवावा, या हेतूनें या महिन्याचें हें सदर आम्ही स्लाव्ह लोकांच्या संगीतास देत आहों.

स्लाव्ह हें एका राष्ट्राचें नांव नव्हे, एका भाषाकुलाचें आहे. रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, सर्ब, बल्गेरियन इत्यादि लोक या कुलांतले. त्यांच्या भाषा आपल्या संस्कृतच्या दूरच्या नातेवाईक आहेत. चेक भाषेंत भावास 'ब्रात्र' म्हणतात, रशियन भाषेंत विस्तवास 'अगोन्य' आणि आकाशास 'न्येबो'. भ्राता, अग्नि आणि नभस् हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले आहेत, त्यांस हें नातें निराळें समजावून सांगावयास नको. परंतु भाषेच्या नात्यापेक्षांही जवळचें असें एक नातें आहे, तें दैवाचें. १७९५ मध्यें पोलंडची तिसरी वांटणी झाली आणि पुढें १९१८ पर्यंत त्या नांवाचें स्वतंत्र राज्य नकाशावर राहिलें नाहीं. चेक लोकांचा बोहेमिया देश ऑस्ट्रियाच्या बादशाहीखालीं होता. तेथें कचेरीची, प्रतिष्ठेची आणि उच्च शिक्षणाची भाषा जर्मन. युक्रेनियन लोकांवर परक्यांची सत्ता. रशियाचें स्वतःचेंच साम्राज्य होतें हें खरें, परंतु तेथील सरदार-दरकदार घरीं फ्रेंच बोलत, आणि गाणें ऐकावयाचें तें इटालियन, असा त्यांचा खाक्या. परभाषेंत शिकलेला आणि आपल्या शेतावरच्या माणसाचें गाणें ऐकून संकोचणारा सुशिक्षित वर्ग, हें चित्र आमच्या वाचकांस अपरिचित वाटूं नये. १९ व्या शतकांत याच वर्गांतून असे संगीतकार निघाले कीं, ज्यांनीं तो संकोच टाकला. त्यांचें संगीत आज जगभर वाजतें.

तें आपल्याकडे ऐकावयास मिळतें काय? मिळतें, आणि त्यासाठीं परदेशीं जावें लागत नाहीं. मुंबईस १९६९ सालीं 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स' ही संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्ष खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह या दोघांनीं २००६ मध्यें 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा वाद्यवृंद उभा केला. साधारणतः वर्षांतून दोन हंगाम त्याचे जलसे संस्थेच्या जमशेद भाभा नाट्यगृहांत होतात. चायकोव्हस्की, द्वोर्झाक, रखमानिनोव्ह हीं स्लाव्ह नांवें त्या कार्यक्रमांत वारंवार आढळतात, आणि पियानोवादनासाठीं बाहेरून नामांकित कलावंत येतात.

हा उद्योग मुंबईस अगदींच नवा नव्हे. १९३५ सालीं मेहली मेहता यांनीं मुंबईंत वाद्यवृंद उभारला होता. झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. त्याच सुमारास वॉल्टर काउफमान नांवाचे एक ज्यू संगीतकार मुंबईंत राहत होते. त्यांचा जन्म १९०७ मध्यें बोहेमियांतील कार्ल्सबाद येथें झाला. युरोपांत नाझींचा जोर वाढूं लागला, तेव्हां १९३४ मध्यें ते मुंबईस आले, येथील रेडिओवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत येथें राहिले. आकाशवाणीची प्रातःकाळची ती सुप्रसिद्ध धून, जिच्यावर आपल्या घरांतील दोन-तीन पिढ्यांनीं अंथरूणें सोडलीं, ती त्यांचीच रचना समजली जाते. खालीं तंबोरा झंकारतो, वर व्हायोलिन बोलतें, आणि स्वरांत शिवरंजनीची छाया दिसते. चेक भूमींत जन्मलेला एक माणूस आमच्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचला होता. त्याचें नांव मात्र आम्ही कधीं विचारलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष जलशाविषयीं. जे पहिल्यानेंच जाणार असतील त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. रंगमंचावर वादक अर्धवर्तुळांत बसतात. डाव्या हातास व्हायोलिनें, उजवीकडे बहुधा चेलो आणि त्यांच्या मागें खर्जाचे डबल बास. मधोमध फुंकावयाचीं लांकडी वाद्यें, त्यांच्या मागें पितळी, आणि सर्वांच्या मागें नगारे. प्रारंभीं ओबो नांवाचें वाद्य एक स्वर धरतें. हें वाद्य आपल्या सनईच्या जातीचें, दुहेरी पत्तीचें आहे. त्या एका स्वरास सगळे आपापलीं वाद्यें मिळवून घेतात. हें त्यांचें तंबोरे जुळविणें. मग शांतता होते आणि चालक आपली छडी उचलतो. वाजविलें जाणारें सर्व कांहीं आधीं लिहिलेलें असतें. रचना तीन किंवा चार खंडांची असते, आणि शेवटचा खंड संपेपर्यंत टाळी वाजवावयाची नाहीं असा शिष्टाचार आहे. जागच्या जागीं 'वाहवा' म्हणण्याची आपली संवय तेवढा वेळ आवरावी लागते.

आणखी एक भेद आधींच ध्यानांत घेतला म्हणजे पुष्कळसा गैरसमज टळतो. आपला गवई एका वेळीं एकच स्वरपंक्ति चालवितो आणि तिच्या खोलींत उतरतो. तो षड्ज सोडून जात नाहीं. पाश्चात्य वाद्यवृंद एकाच वेळीं चार-पांच स्वरपंक्ति चालवितो आणि वाटेंत आपला षड्जही बदलतो. आपल्या कानास प्रथम जो गोंगाट वाटतो, तो बहुधा या बदलाचा. अशा वेळीं सर्व कांहीं एकदम ऐकण्याचा हट्ट धरूं नये. एकच वाद्य धरावें, चेलो किंवा क्लॅरिनेट, आणि त्याच्या मागून जावें. भजनांत शेजारच्या दहा आवाजांतून आपल्या माणसाचा आवाज आपण ओळखतोंच कीं नाहीं?

स्लाव्ह संगीताच्या जलशाचा आरंभ करावयास स्मेतानांच्या 'व्ल्तावा' या रचनेइतकी सोयीची दुसरी रचना क्वचितच असेल. व्ल्तावा ही बोहेमियाची नदी. दोन झऱ्यांपासून तिचा उगम होतो. म्हणून प्रथम दोन बासऱ्यांचे बारीक ओघ, मग त्यांस येऊन मिळणारीं क्लॅरिनेटें, आणि त्यांतून व्हायोलिनांवर उमटणारी नदीची मुख्य चाल. पुढें रानांतील शिकारीचे हॉर्न, कांठावरचें शेतकऱ्याचें लग्न व त्यांतला पोल्का नाच, चांदण्यांतील जलदेवता, खडकांवरून उसळणारें पाणी, आणि शेवटीं प्राग शहराचा थोर पुरातन कडा. सारें बारा-तेरा मिनिटांत आटोपतें. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरांतून निघून देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेला कशी मिळते हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास या रचनेचा अर्थ फोडून सांगण्याचें कारण नाहीं. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १८७४ च्या ऑक्टोबरांत स्मेताना पूर्ण बहिरे झाले, आणि ही रचना त्यांनीं त्याच वर्षीं नोव्हेंबर-डिसेंबरांत लिहिली. आपण लिहिलेलें हें पाणी त्यांनीं स्वतः कानांनीं कधीं ऐकलें नाहीं.

याच स्मेतानांचें शिक्षण जर्मन भाषेंत झालें होतें. पत्रें, रोजनिशी, सारें जर्मन. वयाच्या चाळिशीच्या आसपास ते आपली मातृभाषा नीट लिहावयास शिकूं लागले, आणि त्यांच्या चेक पत्रांत व्याकरणाच्या चुका होत. मोठ्या माणसास मुळाक्षरांकडे परत जाणें किती जड जातें, हें ज्यांच्या घरीं मुलें इंग्रजींत शिकतात, त्यांनीं मनाशीं ताडून पाहावें.

आंतोनिन द्वोर्झाक यांची गोष्ट निराळी. ते १८४१ मध्यें नेलाहोझेव्हेस नांवाच्या खेड्यांत जन्मले. वडील खाटीक आणि खाणावळवाले. खेड्यांतलें गाणें त्यांस शिकावें लागलें नाहीं. १८७८ मध्यें त्यांचीं 'स्लाव्ह नृत्यें' प्रसिद्ध झालीं, आणि थोड्याच काळांत त्यांचें नांव युरोपभर झालें. हीं नृत्यें प्रथम एका पियानोवर दोघांनीं बसून वाजवावयासाठीं लिहिलीं होतीं. वाद्यवृंदाचा पोशाख त्यांस मागाहून चढला. त्यांत 'फुरियांत' नांवाचा एक नाच आहे. त्याची मौज तालाशीं परिचय असलेल्या मराठी माणसास युरोपियनापेक्षांही लवकर कळावी. मात्रा बारा, म्हणजे आपल्या एकतालाइतक्याच. परंतु जोर पडतो तो दोन, दोन, दोन, तीन, तीन असा. घरांत मुलांना समोर बसवून या हिशोबानें टाळ्या वाजवावयास सांगा. पहिल्या सहा मात्रांत पाय धांवतो, पुढच्या सहांत तो झोंका घेतो, आणि सम पुन्हां हातीं येते. लयकारीचा हा खेळ बोहेमियाचा शेतकरी पायांनीं खेळत होता.

येथें एक बारीक मुद्दा आहे, तो निसटूं देऊं नये. 'स्लाव्ह नृत्यां'त द्वोर्झाकांनीं लोकगीतांच्या चाली जशाच्या तशा उचलल्या नाहींत. लय लोकांची घेतली, स्वरपंक्ति स्वतःची रचली. ज्याच्या अंगांत खेड्याचें गाणें मुरलें आहे त्यास नक्कल करावी लागत नाहीं. ज्याच्या अंगांत तें मुरलें नाहीं त्याची नक्कल मात्र लगेच उघडी पडते.

आतां पियानोकडे वळूं. जलशाच्या मध्यास हें वाद्य चालकाच्या पुढें आणून ठेवतात आणि आवाज श्रोत्यांकडे यावा म्हणून त्याचें झांकण तिरकें उघडतात. अठ्ठ्याऐशीं पट्ट्या: बावन पांढऱ्या, छत्तीस काळ्या. पट्टी दाबली कीं नमद्यानें मढविलेली हातोडी तारेवर पडते. तारा दोनशेंहून अधिक, आणि त्या सर्वांचा मिळून ताण सुमारें वीस टनांचा. म्हणूनच आंत ओतीव लोखंडाची चौकट घालावी लागते. आमच्या वाचकांपैकीं जाणकार येथें आक्षेप घेतील, आणि तो योग्य आहे. पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बसविलेले असतात. त्यामुळें त्याचा शुद्ध गांधार आपल्या तंबोऱ्यांतून निघणाऱ्या गांधाराहून किंचित् चढा लागतो. शिवाय त्यावर मींड निघत नाहीं. पेटीवरही हाच आक्षेप होता आणि त्यापायीं १९४० पासून कित्येक वर्षें रेडिओनें तिला दार बंद केलें होतें. हें सगळें खरें. परंतु थोर पियानोवादकाची कसोटीच अशी कीं, ज्या वाद्याचा स्वर हातोडी पडतांच विरूं लागतो, त्या वाद्यास त्यानें गावयास लावावें. पोलंडचे शोपाँ आपल्या शिष्यांस सांगत कीं, पियानो शिकावयाचा असेल तर चांगले गायक ऐका. वाद्यानें गळ्याच्या मागें जावें हा आपल्याकडील गायकी अंगाचा सिद्धांत तेथेंही होता.

वाद्यवृंद आणि एकटा पियानो यांच्यासाठीं रचलेल्या कृतीस 'कंचेर्टो' म्हणतात. तीन खंड, मधला संथ, शेवटचा द्रुत. कधीं दोघे प्रश्नोत्तरें करतात, कधीं एक दुसऱ्यास साथ देतो, आणि एखाद्या ठिकाणीं सगळा वृंद गप्प बसतो व पियानो एकटाच बोलतो. या प्रकारांतील सर्वांत लोकप्रिय कृतींपैकीं एक म्हणजे चायकोव्हस्कींचा पहिला कंचेर्टो. तो १८७४ च्या अखेरीस त्यांनीं मॉस्कोंतील ज्येष्ठ पियानोवादक निकोलाय रुबिनश्टाइन यांस वाजवून दाखविला. रुबिनश्टाइन यांनीं तो कुचकामाचा ठरविला आणि पुष्कळ बदल सुचविले. चायकोव्हस्कींनीं त्या वेळीं एक स्वरही बदलण्याचें नाकारलें. १८७५ च्या ऑक्टोबरांत हान्स फोन ब्यूलो या जर्मन वादकानें तो प्रथम अमेरिकेंत बॉस्टन येथें वाजविला आणि तेथून त्याचा दिग्विजय सुरू झाला. पुढें रुबिनश्टाइन यांनीं आपलें मत बदललें आणि तो कंचेर्टो स्वतः वाजविला. मोठ्या माणसाचा हा मोठेपणाही येथें नमूद केला पाहिजे.

आरंभीं हॉर्नांची ललकारी, मग पियानोचे दोन्ही हात भरून येणारे घनगंभीर स्वरसमूह आणि त्यांवर व्हायोलिनांची ती विशाल चाल. हा आरंभ एवढा भव्य आहे कीं, बहुतेक श्रोते तोच मनांत घेऊन घरीं जातात. गंमत अशी कीं, ही चाल पुढें सबंध रचनेंत पुन्हां येत नाहीं. पहिल्या खंडाचा खरा विषय त्यानंतर येतो: तुटक, उड्या मारीत जाणारी एक लहानशी चाल. ती कोठली? युक्रेनमधील कामेन्का या गांवीं चायकोव्हस्कींच्या बहिणीचें घर होतें. तेथील बाजारांत आंधळे भिकारी गाणीं म्हणत बसत. त्यांच्या तोंडची ही चाल चायकोव्हस्कींनीं टिपून ठेविली. शेवटच्या खंडाची चाल युक्रेनमधील वसंतगीताची.

पुणें-लोणावळें लोकलनें प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांस येथें एक प्रश्न विचारावासा वाटतो. डब्यांत अंध गायक येतात. कोणाजवळ डफ, कोणाजवळ लहानशी पेटी. आपण खिशांतून नाणें काढतों, हातावर ठेवतों आणि वर्तमानपत्रांत डोकें घालतों. त्यांनीं काय म्हटलें, चाल कोणती होती, ती त्यांस कोणी शिकविली, हें आपल्यापैकीं कितीजणांस सांगतां येईल? कामेन्काच्या बाजारांतही नाणें टाकून पुढें जाणारे शेंकडों होते. थांबून ऐकणारा एक निघाला, आणि त्या भिकाऱ्याचा स्वर आज जगांतील थोर नाट्यगृहांतून वाजतो.

शोपाँ यांचीही कथा याच सूत्रांत बसते. ते १८१० मध्यें वॉर्साजवळील एका खेड्यांत जन्मले, १८३० मध्यें मायभूमि सोडून गेले आणि पुन्हां परत येऊं शकले नाहींत. पॅरिसच्या दिवाणखान्यांत बसून त्यांनीं 'मझुर्का' लिहिल्या, म्हणजे पोलंडच्या मैदानांतला तीन मात्रांचा नाच. त्यांत जोर पहिल्या मात्रेवर न पडतां बहुधा दुसरीवर किंवा तिसरीवर पडतो. त्यांच्या दोन्ही पियानो-कंचेर्टोंचे शेवटचे खंड पोलिश नृत्यांच्या लयींवर उभे आहेत. १८४९ मध्यें ते वारले. देह पॅरिसला राहिला, हृदय मात्र बहिणीनें वॉर्साला नेलें, आणि तें तेथील एका चर्चच्या खांबांत ठेविलेलें आहे. परमुलखांत गेलेल्या माणसास गाणें काय देतें हें महाराष्ट्रानें जवळून पाहिलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत परागंदा झालेले सुमारें पांच हजार पोलिश लोक, मुख्यतः स्त्रिया आणि मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें राहत होते. तेथें त्यांनीं आपल्या शाळा चालविल्या, चर्च उभारलें आणि आपले सण साजरे केले. सामान थोडें आणता आलें असेल. गाणीं मात्र सगळीं बरोबर आलीं होतीं.

या सर्वांचें तात्पर्य काढावयाचें तर तें एका शब्दांत सांगतां येतें: ऐकणें. रशियाचे बालाकिरेव्ह १८६० मध्यें व्होल्गा नदीच्या कांठाकांठानें हिंडून गाणीं टिपून आले आणि १८६६ मध्यें त्यांनीं तीं छापलीं. मोराव्हियाचे यानाचेक लोकगीतें तर गोळा करीतच, पण बाजारहाट करणाऱ्या बायांच्या बोलण्यांतील चढउतारही स्वरलिपींत लिहून ठेवीत. हेच यानाचेक १९२१ मध्यें प्राग येथें रवींद्रनाथ ठाकुरांचें व्याख्यान ऐकावयास गेले आणि पुढल्या वर्षीं त्यांनीं परीस शोधीत हिंडणाऱ्या वेड्याची रवींद्रनाथांची कविता पुरुषांच्या समूहगानासाठीं बांधली. द्वोर्झाक १८९२ मध्यें न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयाचे प्रमुख होऊन गेले. तेथें त्यांनीं अमेरिकनांस बजाविलें कीं, तुमच्या संगीताचा पाया तुमच्या देशांतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत आहे. तें ऐकून तेथील कित्येक प्रतिष्ठितांस राग आला. पाहुण्यानें घरांतलें झांकून ठेवलेलें धन दाखविलें, म्हणजे असेंच होतें.

आपल्याकडे असें कोणी केलें नाहीं, असें मात्र नाहीं. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळें १९४८ मध्यें देवासला जाऊन राहिले. गाण्यास मनाई, अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यांतील लोकांचीं गाणीं कानीं पडत. तीं त्यांनीं इतक्या निष्ठेनें ऐकलीं कीं, त्यांतून त्यांस नवे राग गवसले. त्यांस ते धुनउगम राग म्हणत. ख्याल गाणाऱ्या थोर गायकास लोकांच्या धुनेंत उणेपणा दिसला नाहीं. दिसलें तें उगमस्थान. तेव्हां 'ओवीस संगीत काय म्हणावें, तिचा राग तरी कोणता?' असें विचारणाऱ्या शास्त्राभिमानी मंडळींस उत्तर द्यावयास आम्हांस बोहेमियापर्यंत जाण्याची गरज नाहीं.

आणि ओवी तर मावळाच्या उंबऱ्यावर आहे. पहांटे जात्याभोंवतीं बसून बायकांनीं म्हटलेलीं हीं गाणीं: माहेर, भाऊ, लेक, पंढरीची वाट, सीतेचा वनवास. चाल लहानशी, जात्याच्या फेऱ्याबरोबर फिरणारी. लिहिणारीचें नांव नाहीं. आईकडून लेकीस आणि शेजारणीकडून शेजारणीस आलेलें हें धन. पिठाची गिरणी आली आणि बायकांचें मोठें कष्ट सरलें. त्याबद्दल गिरणीस दुवाच दिला पाहिजे. परंतु कष्टाबरोबर गाणेंही थांबलें, कारण तें म्हणण्याची दुसरी वेळ कोणी ठेविली नाहीं. हेमा राइरकर आणि पुण्यास स्थायिक झालेले मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या दोघांनीं मुळशी-मावळच्या डोंगराळ खेड्यांत हिंडून बायकांना हीं गाणीं म्हणावयास लावलें; पुढें काम महाराष्ट्रभर पसरलें आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. १९९० नंतर बर्नार बेल यांच्या साहाय्यानें त्यांतील पुष्कळांचें ध्वनिमुद्रणही झालें. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें तो संग्रह संकेतस्थळावर सर्वांस ऐकावयास खुला केला आहे. हा उद्योग बालाकिरेव्ह व यानाचेक यांच्या तोडीचा आहे. ज्या घरांत चायकोव्हस्कींचें नांव माहीत असतें, त्या घरांत या दोघांचीं नांवें माहीत असूं नयेत, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आमच्या वर्गाच्या घरांत याबाबतींत दोन तऱ्हा दिसतात. एका घरांत परकीय संगीत म्हणजे आरडाओरड म्हणून तें बंद केलें जातें. दुसऱ्या घरांत मुलीस पियानोच्या शिकवणीस घालतात, परीक्षांचीं प्रशस्तिपत्रकें भिंतीवर लावतात, आणि त्याच घरांत आजी मंगळागौरीचें गाणें म्हणूं लागली कीं, 'आजी, तें जुनाट पुरे' असें ऐकूं येतें. दोन्ही घरें आपापल्या परीनें कान मिटूनच बसलीं आहेत. आणि तिसरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या वाड्यांत दळण-कांडण करावयास जी बाई येत असे, तिच्या ओव्या आपल्या आज्या-पणज्यांनीं माजघरांतून ऐकल्या. तिचें नांव-गांव, तिच्या तोंडचें गाणें, कोणीं वहींत लिहून ठेविलें? साक्षर घर होतें. दौत-लेखणी हाताशीं होती. लिहिलें गेलें तें दळणाचें मोजमाप.

म्हणून आमची सूचना दोन भागांची आहे. पहिला भाग असा कीं, संधि मिळतांच असा एखादा जलसा घरांतील दोन पिढ्यांनीं मिळून ऐकावा. घोरावाडीहून लोकलनें लोणावळें आणि तेथून मुंबईची गाडी; जलसा संपेपर्यंत रात्र होते, तेव्हां मुंबईस नातलगांकडे मुक्कामाची सोय आधीं करावी. जाण्यापूर्वीं जी रचना वाजणार असेल तिचें ध्वनिमुद्रण घरीं दोनदां ऐकून ठेवावें. ओळखीची चाल गर्दींत भेटली कीं, अनोळखी माणसांतही मन रमतें. फुरियांताच्या टाळ्या मुलांकडून करवून घ्याव्या. ज्यांस मुंबईस जाणें शक्य नाहीं, त्यांनीं 'व्ल्तावा' आणि चायकोव्हस्कींचा कंचेर्टो एवढें तरी घरीं शांतपणें बसून ऐकावें.

दुसऱ्या भागास कोठेंही जावयास नको आणि पैसाही लागत नाहीं. घरांत किंवा शेजारीं ऐंशींच्या घरांतील जी स्त्री असेल, मग ती आपल्या जातीची असो वा नसो, तिच्याजवळ बसावें आणि तिला आठवत असेल तें गाणें म्हणावयास सांगावें. आज प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत ध्वनिमुद्रणाची सोय आहे. तिचा उपयोग करावा. गाणें कोणाकडून शिकली, कोणत्या गांवीं, कोणत्या प्रसंगीं म्हणत, एवढें लिहून ठेवावें. तिचे शब्द आपल्या शुद्धलेखनाप्रमाणें सुधारूं नयेत. मध्येंच ती विसरली तर थांबावें, आपण ओळ पुरवूं नये. त्या ओव्यांचा पुढें वाद्यवृंद होईल कीं राग होईल, कीं नुसत्याच त्या नातवंडांच्या ओठीं राहतील, याची चिंता आज नको. जी गाणारी आज आहे, ती पुढील वर्षीं असेलच असा भरंवसा कोणीं द्यावा? येत्या सुटींत घरांतील मुलांनीं हें काम अंगावर घ्यावें, आणि वडीलधाऱ्यांनीं त्यांच्या शेजारीं बसावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.